घोडखांब

यज्ञेशला आमच्या घरी मीच बोलावलेलं. चूक कसली, मातीच खाल्ली मी!

डोंबिवलीचा हा मुलगा इतिहासाचा पॉडकास्ट करतो. खळ्यावर, म्हणजे आमच्या मासळी सुकवायच्या जागेवर, जवळा निवडताना मी त्यालाच कानात लावून बसायचे. आवाज गोड, सांगायची हातोटी अशी की काम कधी संपलं कळायचं नाही. म्हणून मेसेज केला, ‘ठाण्याला आमच्या कोळीवाड्यात या, माझे वडील खूप जुनं सांगतात.’ आला. जवळ्याची चटणी आणि तीन भाकऱ्या हादडल्या, मग माझ्या बापासमोर, दामाजीसमोर, माईक धरला. आई बापाशेजारी बसलेली, मी आत चहा टाकत होते.

नवखा पाहुणा दिसला की आमची जुनी माणसं त्याची फिरकी घेतात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. यज्ञेशने खळ्यातल्या उभ्या दगडाबद्दल विचारलं, तर बाप म्हणाला, “हितं पोर्तुगीज कप्तान घोरा बांधाचा.” कसला कप्तान नि कसला घोडा! तो दगड बापानेच टेम्पोतून आणून पुरलेला, जाळं ताणायला. माझ्या जन्माच्या वर्षी.

एपिसोड दोन लाख लोकांनी ऐकला. बाप त्याच वर्षी पावसाळ्यात गेला. माझी आई शेवंती रोज दुपारी फोन कानाला लावून तेवढाच एपिसोड ऐकते. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

गणपती झाले आणि खाडीकिनारा सुशोभीकरण समिती उगवली. ‘ऐतिहासिक घोडखांबा’ला कुंपण, भोवती लादी, बाकडी, आणि मासळी सुकवायला मनाई. आम्ही जवळा काय गॅलरीत सुकवायचा? पुरावा काय, तर हा एपिसोड. मी भांडले, तर म्हणाले, जिथे सांगितलंय तिथेच खोडून आणा. आठ दिवसांत.

सहा दिवस यज्ञेशने फोन उचलला नाही. सातव्या दिवशी मी तडक डोंबिवली गाठली. भिंतींना फोम चिकटवलेल्या खोलीत साहेब बसलेले.

“चुकलो म्हणून सांग,” मी म्हटलं.

“माझं काय चुकलं, ताई? वडील बोलले, मी ऐकवलं. मी पुस्तकातून उचलत नाही, मूळ माणसाकडे जातो.”

“मग पूर्ण रेकॉर्डिंग ऐकव.”

“डिलीट झालं.” माझ्याकडे बघितलंही नाही. “तुम्हीच सांगा ना, मुलगी म्हणून. आत्ता घेतो.”

निर्लज्ज मेला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हातात एकच दिवस होता. माईक ओढला आणि म्हटलं, “मी हेमाली, दामाजीची मुलगी. माझा बाप खोटं बोलला. तो दगड त्यानेच पुरलाय.”

“ताई, ‘खोटं’ जरा स्पष्ट येऊ दे. परत घेऊ.”

मी परत म्हटलं. रडू आलं, तर त्या हलकटाने तेही ठेवलं.

तो नवा एपिसोड ऐकून समितीने माझी हरकत मान्य केली, कुंपणाचे खांब परत गेले. वाड्यातले लोक मला बघून तोंड फिरवतात, मेलेल्या बापाला खोटारडा ठरवलं म्हणून. फिरवा खुशाल! जवळा त्याच खळ्यावर पसरताय ना?

 तिसऱ्या दिवशी दगडाजवळ जवळा पसरताना आई म्हणाली, “तो हासला व्हता गो.”

“कधी?”

“घोऱ्याचा सांगून झाल्यावर. त्या पोराला म्हनला, खरा वाटला का रं? मस्करी केली तुझी. दोघंपन लय हासली. मी रोज ऐकते, तवराच नाय त्याच्यात. मना वाटला, तुला ठावं हाय.”

ओल्या जवळ्याच्या हातानेच मी यज्ञेशला फोन लावला. सात वेळा. उचलला नाही. मला ‘खोटं’ परत म्हणायला लावलं, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.