शिफ्टवरचं बोट

धरणगावात गोल काढावा तो हिलाल पेंटरांनी, म्हणजे नानांनी. खिळा नाही, सुतळी नाही. डाव्या हातात काठी आडवी धरायची, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं आणि एका दमात ब्रश फिरवायचा. चाळीस वर्षं लग्नघरांच्या भिंतींवर नानांनी असे सूर्य काढले. गेल्या वर्षापासून मात्र उजवा हात कापायला लागला आणि सूर्यांचे बटाटे झाले.

आता हाती एकच काम उरलं होतं, शालिग्रामभाऊंच्या कापसाच्या दुकानाची पाटी. संध्याकाळपर्यंत चित्र दाखवा, नाहीतर जळगावहून करून आणतो, असं भाऊंनी स्पष्ट सांगितलं होतं. पाटी गेली तर ब्रश धुऊन माळ्यावर टाकीन, असं नाना सकाळीच बायकोला, भिकुबाईला, बोलून बसले होते. आणि मग मुकाट्यानं डिंपलच्या फ्लेक्सच्या दुकानात आले.

"तू नुसतं दखाड, काढसू मीच," ते म्हणाले.

डिंपलनं पडद्यावरचं गोलाचं चिन्ह निवडून दिलं. नानांनी माउस धरला, श्वास रोखला आणि भिंतीवर फिरवावा तसा गर्रकन पूर्ण फेरा मारला. जिथून निघाले तिथंच बरोबर परत आले. पडद्यावर काहीच नाही! नानांनी माउसला नावं ठेवली, टेबलाला ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं.

"नाना, फिरवायचं नाही. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकं ओढायचं."

तिरकं ओढून गोल? नानांना हसू आलं. ओढलं, तर अंडं झालं.

"आता डाव्या हातानं हे शिफ्टचं बटण दाबून धरा."

त्यांनी धरलं. उजवा हात कापत होता, गोल लहानमोठा होत होता, पण वाकडा म्हणून होत नव्हता! हरखून नानांनी डावा हात उचलला, आणि पुन्हा अंडं. त्यांचा चेहराच उतरला.

"आधी माउस सोडायचा, मग शिफ्ट," डिंपल हळूच म्हणाली.

पुन्हा ओढलं. माउस सोडला. डावं बोट मात्र बटणावर तसंच.

"सोडा आता, नाना."

"बिघडाव नही ना?"

"नाही बिघडणार."

तरी मिनिटभर त्यांना धीर होईना. अखेर डोळे मिटून बोट उचललं. डोळे उघडले, तर गोल जागच्या जागी. केसभर वाकडा नाही. वर्षभरानं आपल्या हातून गोल उतरला होता. नानांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"मनाच हातना शे हाऊ," हा आपल्याच हातचा, असं ते कितीतरी वेळ म्हणत राहिले.

मग एकाला खेटून एक असे चार पांढरे गोल काढले, आणि कापसाचं बोंड फुललं. शालिग्रामभाऊंनी फोनवर चित्र पाहून लगेच होकार कळवला.

संध्याकाळी नाना जेवायला बसले. भिकुबाईनं पाहिलं, उजवा हात नेहमीसारखा कापत होता आणि डाव्या हाताचं एक बोट ताटाशेजारी फरशीवर घट्ट दाबलेलं होतं.

"हाई काय व माय?" तिनं विचारलं.

"धरी ठेयेल शे," नाना म्हणाले आणि घास तोंडात घातल्यावरच त्यांनी बोट उचललं.