चष्मा आहे हो त्यात

कागदोपत्री त्याला चांगलं नाव होतं, पण फुटबॉलच्या मैदानावर सगळे त्याला भोंगाच म्हणत. एकतीस वर्षं तो स्टेडियमच्या उत्तरेकडच्या स्वस्त पायऱ्यांवर उभा राहून ओरडत आला होता. त्याने आरोळी दिली की मागची चारशे माणसं ती उचलायची. एरवी आठवडाभर हाच माणूस एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायचा. खोलीत मेणाचा वास, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि खिडकीशी हा, भिंग लावून एखादी दाढ घासत बसलेला. तिथे दिवसभरात त्याच्या तोंडून दहा वाक्यं निघाली तरी खूप. डॉक्टर म्हणायचे, "तुम्ही आवाज सामन्यासाठी राखून ठेवता की काय?"

आणि मग बातमी आली, की संघ चालला. मालकाने क्लब गुंडाळून सहा तासांवरच्या दुसऱ्या शहरात न्यायचं ठरवलं होतं. तिथे नवं स्टेडियम होतं, नवे प्रायोजक होते, संघाला नावही नवं मिळणार होतं. मालक टीव्हीवर हसत हसत म्हणाला, "आमचे चाहते समजून घेतील."

चाहत्यांनी काही समजून घेतलं नाही. औषधाच्या दुकानदाराने भिंतीवरचा संघाचा फोटो उतरवला आणि तिथे राहिलेल्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहून तो गिऱ्हाइकांवर खेकसू लागला. कोणी मफलर जाळले, कोणी रडले, कोणी म्हणाले, बरं झालं, एकदाची कटकट गेली, आणि दुसऱ्या दिवशी तेही रडले. भोंग्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बोलण्यात पटाईत. त्याने चाहत्यांची समिती काढली. भोंग्याने काही काढलं नाही. दोन दिवस तो नुसता ताटावर बसून उठत राहिला.

"घरातलं कोणी गेल्यासारखं काय करता?" बायको म्हणाली.

"गेलंच आहे," तो म्हणाला.

सामान हलवायचा दिवस कळला तसे सगळे दुपारपासून स्टेडियमच्या फाटकाशी जमले. मालकाला जाब विचारायचा असं ठरलं होतं. आत तीन ट्रक उभे होते. गोलपोस्टच्या जाळ्या, व्यायामाची यंत्रं, गुंडाळलेले फलक असं काय काय चढत होतं. घोषणा देऊन देऊन घसे बसले. चार वाजता कळलं की मालक सकाळीच मागच्या फाटकाने निघून गेला. गर्दीला हे कळलं तेव्हा तिचं काय झालं ते सांगणं कठीण आहे. एवढा राग उराशी धरून आणलेला आणि तो टाकायला समोर कोणी नाही.

तेवढ्यात बाजूचा छोटा दरवाजा उघडला आणि साठीची एक बाई बाहेर आली. अंगात क्लबचं निळं जॅकेट, दोन्ही हातांत क्लबचं चिन्ह असलेल्या दोन बॅगा.

"ही बघा, ही पण चालली!" कोणीतरी म्हणालं.

भोंगा सगळ्यांत पुढे होता. त्याने तिला ओळखलं. नाव माहीत नव्हतं, पण सामन्याआधी खेळाडूंच्या जर्सी हातगाडीवर घालून बोळातून नेणारी बाई ती हीच, हे त्याला पक्कं कळलं. आणि संघ न्यायचा की ठेवायचा हे हिच्या हातात नव्हतं, हेही त्याला त्याच क्षणी कळत होतं. तरी तो ओरडला.

"आम्हाला विकून कुठे चाललीस गं? लाज वाटत नाही?"

चारशे माणसांनी ते उचललं. लाज, लाज, लाज. बाई थांबली. तिला पुढे जाता येईना, मागे दरवाजा बंद झालेला. भोंग्याने हात घालून तिची बॅग ओढली. तिने धरून ठेवली, त्याने हिसडा दिला, चेन फाटली आणि सगळं रस्त्यावर सांडलं. जुना स्वेटर, घरात घालायच्या सपाता, जेवणाचा डबा, सुयादोऱ्यांची पेटी. बटणं घरंगळत लोकांच्या पायांत गेली. क्लबची म्हणावी अशी एक वस्तू त्यात नव्हती.

बाई खाली वाकली. "चष्मा आहे हो त्यात," ती म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. बसमध्ये शेजाऱ्याला सांगावं तसं म्हणाली. "जरा बघून, चष्मा आहे हो त्यात."

मागून लोक रेटत होते. कुठेतरी कडकन आवाज झाला. भोंगा तिथून बाजूला झाला, आणि गर्दीने त्याला पाठीवर थापा मारत आत ओढून घेतलं.

कोणीतरी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. त्यात भोंग्याचा चेहरा होता, फुगलेल्या शिरा होत्या, तो गगनभेदी आवाज होता. बाईची फक्त पाठ दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो शहरभर फिरला. "शहराचा आवाज" असं कोणीतरी त्यावर लिहिलं. औषधवाल्याने त्याला दुकानातून हाक मारून हात मिळवला. डॉक्टर म्हणाले, "वा! आमच्या मागच्या खोलीत वाघ बसतो, आम्हाला पत्ताच नाही." भोंगा हसला. 

मुलगी कॉलेजातून आली ती मोबाइल पुढे धरूनच. "बाबा, ही बाई कोण?"

"क्लबची माणूस आहे. त्यांच्याबरोबर चालली होती."

"मग खाली वाकून काय शोधतेय?"

"मला काय माहीत?" तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. हात स्वच्छच होते. तो बराच वेळ धूत राहिला.

आठवडाभराने संघाचा जुना बचावपटू दवाखान्यात आला. दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात त्याचा पुढचा दात तुटला होता आणि नवा दात भोंग्यानेच घडवला होता. हा खेळाडू एरवी भोंग्याचा जीव की प्राण. संघाबरोबर जाण्याआधी दाताची कड नीट करून घ्यायची होती, म्हणून डॉक्टरांनी त्याला मागच्या खोलीत पाठवलं. बघणं झालं, घासणं झालं. खेळाडूने आरशात पाहत विचारलं, "दातवाले, त्या दिवशी फाटकाशी होतात तुम्ही?"

"होतो. म्हणजे, मागे होतो."

खेळाडूने जीभ दातावरून फिरवली. "आमच्या मावशीला त्याच दिवशी सकाळी पत्र दिलं, उद्यापासून येऊ नका म्हणून. बावीस वर्षं आमचे कपडे धुतले, फाटलेलं शिवलं. आम्हाला वाटलेलं, तिलाही नेतील. नाही नेलं. कपाट रिकामं करून ती घरी निघाली होती."

भोंग्याच्या हातात कानस होती. ती खाली ठेवायचं त्याला सुचेना.

"व्हिडिओ पाहिलाय मी, दातवाले," खेळाडू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच भोंग्याला सोसवेना. राग असता तर उत्तर देता आलं असतं. खेळाडूने टेबलावरच्या कागदावर एक पत्ता लिहिला आणि तो गेला.

रविवारी भोंगा पिशवीभर सफरचंदं घेऊन त्या पत्त्यावर गेला. तिसरा मजला, जिन्याचा कठडा डगमगता, दारापाशी धुतलेल्या सपाता उभ्या करून ठेवलेल्या. सपाता ओळखीच्या वाटल्या तशी त्याची नजर खाली गेली. बेल वाजवल्यावर तो पायपुसणीकडेच पाहत राहिला.

दार उघडलं. बाईच्या डोळ्यांवर चष्मा होता. एक काडी चिकटपट्टीने बांधलेली, उजव्या काचेला तडा. तिने त्याच्याकडे कोण आपण अशा नजरेने पाहिलं.

"मी... त्या दिवशी फाटकाशी..." त्याने सुरुवात केली.

"हां," ती म्हणाली. "आवाजावरून ओळखलं."

त्याने पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं. चूक झाली, रागाच्या भरात झालं, मला माहीत नव्हतं. शेवटच्या शब्दावर तो अडखळला, कारण ते खोटं होतं. मग म्हणाला, "माहीत होतं. तुमच्या हातात काही नाही हे कळत होतं मला. माफ करा. चष्मा मी नवीन करून देतो."

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग जिन्यातून वर पाहिलं, खाली पाहिलं.

"त्या दिवशी चारशे माणसं होती," ती म्हणाली. "आज इथे कोणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. शिवी देताना तुम्हाला माणसं लागली. माफी मागताना जिना पुरला." आणि पिशवीकडे बोट करून म्हणाली, "ती घेऊन जा. मला दातांनी चावता येत नाहीत सफरचंदं."

दार आपटलं नाही तिने. हळूच लावून घेतलं. भरलेली पिशवी हातात घेऊन तो तीन मजले उतरला, आणि घरी बायकोने विचारल्यावर सफरचंदं स्वस्त मिळाली असं म्हणाला.

त्यापुढच्या रविवारी सकाळी समितीची सभा होती. शाळेचा हॉल खच्चून भरला होता. गावचा स्वतःचा संघ काढायचा, लहान असला तरी आपला, असा मेहुण्याचा बेत, आणि बेत चांगलाच होता. अध्यक्ष म्हणून भोंग्याचं नाव पुढे करायचं हेही त्याने ठरवून टाकलं होतं. सभेची सुरुवात त्या व्हिडिओने झाली. भिंतीवर भोंग्याचा चेहरा दारापेक्षा मोठा दिसला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. पहिल्या रांगेत त्याची बायको आणि मुलगी बसल्या होत्या. मुलगी टाळ्या वाजवत नव्हती.

"या दाजी, बोला दोन शब्द," मेहुणा म्हणाला.

भोंगा उभा राहिला. माइक पुढे केला तर त्याने तो बाजूला सारला, आणि मग लक्षात आलं की आज माइक लागणार आहे.  त्याने माइक परत घेतला.

"ती बाई कुठे चालली नव्हती," तो म्हणाला. "तिला त्याच दिवशी कामावरून काढलं होतं. ती घरी चालली होती. मालक सापडला नाही म्हणून मी तिला धरलं. मला तेव्हाच कळत होतं, हिचा काही दोष नाही. तरी ओरडलो, कारण तुम्ही मागे उभे होतात आणि मला बरं वाटत होतं. बॅग मी फाडली. ती चष्मा चष्मा म्हणत होती आणि मी बाजूला झालो."

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या.

"दाजी, ही वेळ आहे का?" मेहुणा दातांत पुटपुटला. "खाली बसा."

"अहो, एका बाईपायी सगळ्या गावाचं दुःख खोटं ठरवता काय?" मागून एक जण ओरडला.

"खोटं नाही," भोंगा म्हणाला. "पण त्या दिवशीची लाज माझी आहे. तो व्हिडिओ दाखवू नका. एवढंच."

कोणी टाळी वाजवली नाही. दोघे-तिघे उठून गेले. औषधवाला खिडकीबाहेर पाहत बसला. मग मधल्या रांगेतली, बँकेत काम करणारी एक बाई उभी राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "माझ्या बुटाखाली काहीतरी मोडलं होतं," ती म्हणाली. "मी खाली पाहिलंच नाही." एवढं बोलून ती खाली बसली, आणि शेजारणीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

अध्यक्ष म्हणून औषधवाल्याची निवड झाली. मेहुणा पुढचे चार महिने घरी आला नाही. बहिणीला फोन करायचा, पण "दाजी कसे आहेत" हे मुद्दाम विचारायचा नाही. सभेहून घरी परतताना तिघं चालत निघाली.  रस्ता ओलांडताना मुलीने त्याचा हात धरला, लहानपणी धरायची तसा, आणि पलीकडे गेल्यावर सोडला. बायको म्हणाली, "ती सफरचंदं त्या बाईकडूनच परत आली होती होय." तो हो म्हणाला.

तो पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेला. या वेळी हात रिकामे होते. बाईला सगळं आधीच कळलं होतं. खालच्या मजल्यावरचा शेजारी सभेत होता.

"ऐकलं," ती म्हणाली.

भोंग्याला तेवढ्यावर परतायला हवं होतं. पण राहवलं नाही. "मग माफ केलंत?"

 आपण अजून काहीतरी मागायलाच आलो आहोत, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"ते विचारू नका," बाई म्हणाली. "ते माझं मला बघू द्या."

गावचा छोटा संघ उभा राहिला. शाळेच्या मैदानावर दोनशे माणसं यायची, भोंगाही यायचा. तो आता मागच्या बाजूला उभा राहायचा. लोक म्हणायचे, "अरे, दे की आवाज!" कधी द्यायचा, कधी नाही. बाईला इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम मिळालं असं कानावर आलं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी ती त्याला बसथांब्यावर दिसली. चष्मा नवीन होता, तिनेच केलेला. त्याला वाटलं, पलीकडच्या थांब्यावर जावं. पाय उचललाही. पण तिने पाहिलं होतं.

"बारा नंबर गेली का?" तिने विचारलं.

"नाही अजून," तो म्हणाला.

"उशीर करतात मेले."

"हो ना."

 दोघं एकाच बाकड्याच्या दोन टोकांना उभी राहिली. बस आली तेव्हा आत एकच जागा रिकामी होती. ती बसली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तो दांडीला धरून उभा राहिला, आणि त्याचा थांबा येईपर्यंत त्याने एकदाही मान वर केली नाही.