लक्ष्मीच्या तळहातावरची धार

मी एक जुना ठसा आहे, मित्रांनो. खरं म्हणजे अर्धाच आहे. उरलेला अर्धा कुठे गेला, ते ओघात येईलच.

माझ्या जन्माचं साल मला आकड्यात सांगता येणार नाही. ज्या वर्षी कंकुचं सीमंत झालं, सातव्या महिन्यात तिची ओटी भरली, त्या वर्षीचा मी. राजकोटच्या आमच्या गल्लीत साल असंच सांगतात.

धनतेरसला घरी आणतात ती चांदीची नाणी तुम्ही पाहिली असतील. त्यावर लक्ष्मी असते. ती लक्ष्मी आधी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी आणि खोलगट कोरावी लागते. मग तो ठोकळा प्रेसमध्ये बसवतात, खाली चांदीची गोल चकती ठेवतात आणि पायाने पट्टी दाबून वरून ठोका मारतात. चकतीवर देवी सुलटी उठते. असा ठोकळा म्हणजे ठसा. मला कोरलं वालजीबापांनी. कंकु ही त्यांची एकुलती एक मुलगी, आणि प्रेस चालवणारा परबत त्यांचा जावई.

बापांनी मला कोरायला घेतलं तेव्हा मी मऊ होतो. ते रोज थोडं कोरत, माझ्यावर मेण दाबत आणि मेणावर उठलेली देवी नखाने चाचपून पाहत. चेहरा झाला, कमळ झालं, पण आशीर्वादाचा हात त्यांच्या मनासारखा होईना. एक दिवस त्यांनी स्वयंपाकाला आलेल्या मुलीला चुलीपुढून बोलावलं.

"कंकु, हात इकडे कर."

"बापा, पीठ लागलंय हाताला."

"लागू दे. लक्ष्मीच्या हाताला पीठ नाही तर काय लागणार?"

त्यांनी तिचा तळहात किती तरी वेळ आपल्या हातात धरून ठेवला. मग तोच हात माझ्यात उतरवला. तो इतका खोल गेला की माझ्या अंगातली सगळ्यात पातळ जागा तीच राहिली.

परबत बघायला आला आणि हसला. "बापा, हात माझ्या बायकोचा काढलात, पण लोकांना आधी सांगून ठेवा. ही लक्ष्मी घरात आली की दिवसभर कामाला लावते."

"जमाईराज, तुम्हाला लावून काही उपयोग झालेला दिसत नाही," बापा म्हणाले.

असे ते दिवस होते. पण त्याच दिवसांत नाण्यांच्या कारखान्याचे मालक धीरजशेठ एकदा ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाले, "बापा, मुंबईहून यंत्रावर कोरलेले ठसे तयार मिळतात. तरी यंदा मी तुमच्या हातचा घेतोय. धनतेरसपर्यंत चालला, तर पुढेही तुम्ही आहात आणि प्रेसवर परबत आहे. मध्येच बसला, तर मी प्रेसच विकतो आणि तयार नाणी आणून विकतो. मला दरवर्षीची काळजी नको."

बापा म्हणाले, "चालेल."

त्यांनी कुणाला न सांगितलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते मला बोटांनी कोरत होते.

कोरून झालेल्या ठशाला पाणी द्यावं लागतं. लालभडक तापवून तेलात बुडवलं की ठसा कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. म्हणून त्याला पुन्हा मंद आचेवर ठेवून थोडं पाणी उतरवतात. पोलादाच्या उजळ अंगावर पिकल्या गव्हाच्या काडीचा रंग चढला, की काढायचा आणि राखेत पुरून सावकाश निववायचा. तो रंग डोळ्यांनीच ओळखतात, त्याला दुसरं माप नाही.

कंकुच्या सीमंताच्या दिवशी मी त्या आचेवर होतो. आमच्यात ठसा आगीवर असताना कारागिराला कुणी हाक मारत नाही. बायका दाराशी थांबल्या होत्या, मुहूर्त टळत होता, पण कुणी तोंडातून शब्द काढला नाही. बापांनी मला खिडकीशी धरलं, वाकून पाहिलं, आणि त्यांना मी गव्हाच्या काडीसारखा पिवळा दिसलो.

मी पिवळा नव्हतो, मित्रांनो. मी अजून पांढराच होतो. पिकल्या मोतीबिंदूतून सगळं जगच पिवळं दिसतं. मला ओरडून सांगायचं होतं की बापा, अजून नाही, अजून थोडा वेळ. पण पोलादाला तोंड कुठलं? त्यांनी मला राखेत पुरलं, हात धुतले आणि मुलीची ओटी भरायला गेले.

नवरात्रात माझं काम सुरू झालं. पहिला ठोका शेठच्या देव्हाऱ्यासाठी सोन्याच्या चकतीवर पडला, मग चांदी सुरू झाली. सगळ्यांनी कौतुक केलं. शेठने पहिलं नाणं कपाळाला लावलं. सीमंतानंतर कंकु रीतीप्रमाणे माहेरी आली होती, म्हणजे चार घरं सोडून. नाणी तपासायचं काम तिचंच असे, म्हणून टोपल्या घरी येत. ती एकेक नाणं फरशीवर टाकून आवाज ऐके आणि कडेवरून अंगठा फिरवी. मलाही बापा रोज संध्याकाळी फडक्यात बांधून घरी आणत आणि तेलाने पुसत. त्यामुळे त्या घरातलं सगळं मी ऐकलं.

दसऱ्याच्या सुमारास मला आतून काही तरी तुटल्यासारखं झालं. तळहाताच्या खोल जागेपाशी केसाएवढा तडा गेला होता. त्यानंतर प्रत्येक ठोक्याला तो वाढत गेला. माझ्यात तडा पडला की चांदी त्यात शिरते आणि नाण्यावर बारीक उंच रेघ उठते. ती रेघ देवीच्या तळहातातून निघे आणि खाली कमळाकडे जाई. तीच माझी हाक होती. दुसरी कोणती भाषा मला येत नव्हती. मी प्रत्येक नाण्यावर तेच लिहीत होतो, की मला थांबवा.

आणि लोकांनी ते काय वाचलं?

शेठ नाणं घेऊन धावत आले. "बापा, देवीच्या हातातून धनाची धार पडतेय. आधी सांगायचं नाही का? दुकानदार धारवालीच मागतायत, साधी परत करतायत."

बापांनी नाण्यावरून नख फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "हो, धार आहे."

त्या संध्याकाळी कंकुनेही ते नाणं फरशीवर टाकलं आणि म्हणाली, "बापा, ठसा काढा."

"केसाएवढं आहे."

"केसाएवढं काल होतं. समोर परबत बसतो. ठसा उडाला तर कुणाच्या अंगावर येईल?"

"नवा कोरायला दीड महिना लागतो, पोरी. आणि..." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "नवा मला आता कोरता येणार नाही. मला दिसत नाही."

कंकुने टोपली बाजूला सारली. मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"मला ठोका हलका करायला सांगू दे त्याला. धनतेरसपर्यंतच तर ओढायचंय."

दुसऱ्या दिवसापासून ठोका हलका झाला. पण हलक्या ठोक्याला देवीचं नाक बोथट उठू लागलं, शेठची कुरबुर सुरू झाली, आणि ठोका पुन्हा पूर्वीसारखा झाला. मी दर ठोक्याला वाट पाहत होतो, हाच शेवटचा असेल का म्हणून. परबत माझ्यापुढे गाणं गुणगुणत बसलेला असे.

धनतेरसच्या आदल्या दिवशी, वाघबारसेला, दुपारी कंकु कारखान्याच्या दारात उभी राहिली. सीमंत झालेली बाई तिथे येत नाही. सगळ्यांचे हात थांबले.

"तू इथे कशाला? नववा लागलाय तुला," परबत म्हणाला.

तिने त्याच्या तळहातावर दोन नाणी ठेवली. "हे दसऱ्याचं, हे कालचं. अंगठा फिरव."

त्याने फिरवला. "धार आहे की. लोकांना आवडते."

"धार नाही, तडा आहे. बापांना विचार."

परबतने बापांकडे पाहिलं. बापांनी मान खाली घातली. तेवढ्यात कंकु पुढे झाली आणि परबतच्या स्टुलावर जाऊन बसली. "आता आधी मला उठवा, मग प्रेस चालवा."

शेठ आतून आले. बापा त्यांना म्हणाले, "शेठ, ठशाला तडा आहे."

शेठने घाम पुसला. बाहेर दुकानदारांची माणसं उभी होती. "ही शेवटची टोपली तेवढी निघेल ना, बापा? टोपली निघाली तर मी माझा शब्द पाळतो. नाही निघाली, तर मग मला काही बोलू नका."

बापांनी टोपलीत हात घालून उरलेल्या चकत्या चाचपल्या. मग म्हणाले, "निघेल. कंकु, ऊठ. परबत, हिला घरी घेऊन जा. टोपली मी काढतो."

"तुम्हाला दिसतं तरी का?" परबत म्हणाला.

"ठोका डोळ्यांनी मारतात का? पायाने मारतात. ठसा मी जन्माला घातलाय, माझ्या पायाखाली नीट वागेल. जा, तिला उभं राहवत नाहीये."

कंकु जाता जाता म्हणाली, "बापा, काढून ठेवा त्याला."

"काढतो. चहा ठेव, आलोच."

ती दोघं गेली. बापांनी दार लोटलं आणि कुणाला जवळ उभं राहू दिलं नाही. मग ते माझ्यापुढे बसले. मी नीट वागायची शिकस्त केली, मित्रांनो. एकेक ठोका मी दात आवळून सोसावा तसा सोसला. टोपलीच्या तळाशी मोजक्याच चकत्या उरल्या होत्या. तेव्हा मी फुटलो. माझा अर्धा तुकडा उडाला आणि बापांच्या गळ्याशी लागला.

दुसऱ्या दिवशी धारवाली नाणी सगळी विकली गेली. उन्हाळ्यात शेठने प्रेसही विकला. परबत आता माणसं वाहणारी तीनचाकी छकडा रिक्षा चालवतो. तो दुसरा तुकडा पोलिसांनी नेला, परत आला नाही. मला कंकुने घरी आणलं. देव्हाऱ्यात ठेवलं नाही आणि फेकलंही नाही. मी कैरीच्या छुंद्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून बसतो.

कंकुची मुलगी आता चालते. परवा तिने कणकेचा गोळा माझ्यावर दाबला. कणकेवर एक तळहात उठला आणि त्यातून निघालेली रेघ काठाशी तुटली. कंकुने तो हात पाहिला, आपला हात पाहिला, मग गोळा मळून टाकला आणि पोळी लाटायला घेतली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. फार तर आम्ही एक रेघ दाखवतो, एक वेगळा आवाज काढतो. तिला नक्षी म्हणू नका. हात थांबवा. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस नाणं डोळ्यांनी न पाहता नखाने पाहू लागलं, तर त्याला त्याच दिवशी विचारा.

वालजीबापा वाघबारसेच्या दुपारी कारखान्यातच वारले. ज्या वर्षी कंकुचं सीमंत झालं, त्याच वर्षी.