खालचा जबडा

देहूरोडचे पाहुणे येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी पसंत आहे, नोकरी करते हे तर फारच चांगलं. फक्त तेवढं दातांचं बघून घ्या. मुलगा गौरव लष्कराच्या डेपोत कायम होता. अतुलनं फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळं आत चपात्या लाटणाऱ्या सारिकानं ते ऐकलं आणि कंपनीच्या शर्टाला इस्त्री करणाऱ्या समीक्षानंही ऐकलं.

"येवढंच ना?" अतुल बायकोकडं बघून म्हणाला. "करून टाकू की. दात तर हायेत."

समीक्षा बावीस वर्षांची होती. तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावातल्या घरापासून दहा मिनिटांवर, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासणीला होती. तिचा खालचा जबडा पुढं होता. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या पुढं येऊन बसायचे. पेरू तिला पुढच्या दातांनी चावता यायचा नाही, सुरीनं कापून दाढेखाली सरकवावा लागायचा. शाळेत पोरं तिला 'जेसीबी' म्हणायची. पुढं कॉलेजात कुणी काही म्हटलं नाही, पण फोटो काढताना मान खाली घालायची सवय लागली ती लागलीच. आई सांगायची, लहानपणी डॉक्टरांना दाखवलं होतं, ते म्हणाले वाढत्या वयात आपोआप बसेल. बसलं नाही. मग आई म्हणायला लागली, "नशीब एकेकाचं."

कारखान्यातल्या रुपालीनं लोणावळ्याच्या डॉक्टर चैताली यांच्याकडून दातांना तारा लावून घेतल्या होत्या. समीक्षानं तिथलीच वेळ घेतली.

"लोणावळ्याला कशाला?" सारिका म्हणाली. "तळेगावात काय दवाखाने न्हाईत?"

"तू गप बस," अतुल म्हणाला. "जिथं चांगलं हुतंय तिथं जाऊ."

दवाखाना बाजारपेठेत, चिक्कीच्या दुकानावरच्या मजल्यावर होता. जिन्यात गुळाच्या पाकाचा वास भरून होता. चैताली मॅडम चाळिशीच्या आतल्या, हसऱ्या, पण बोलायला घाई न करणाऱ्या. त्यांनी समीक्षाचे गाल आरशानं बाजूला करून दाढा पाहिल्या, मग बाजूनं डोक्याचा एक्स-रे काढला. तो येईपर्यंत टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांचे तीन जोड मांडले.

"आम्ही पुढचे दात नंतर बघतो, आधी दाढा," त्या म्हणाल्या. "वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेच्या खाचेत बरोबर बसली, तर क्लास वन. पुढचे दात वाकडेतिकडे असले तरी पाया जागेवर असतो. खालची दाढ मागे राहिली की क्लास टू, वरचे दात पुढे आलेले दिसतात. आणि खालची दाढ पुढे निघून गेली की क्लास थ्री."

"म्हणजे मी थ्री," समीक्षा म्हणाली. "सगळ्यात वाईट?"

"हे काही शाळेचे वर्ग नाहीत गं. कुठलाही क्लास सौम्य असू शकतो आणि अवघडही. खरा प्रश्न दुसराच असतो. चूक फक्त दातांची आहे, की हाडांची?"

एक्स-रे आला. मॅडमनी त्यावर पेननं दोन रेघा मारल्या आणि त्यांच्या मधलं अंतर दाखवलं. वरचा जबडा मागेच राहिला होता, खालचा वाढत गेला होता. चूक हाडांची होती.

"आधी कधी दाखवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," सारिका पटकन म्हणाली.

"अगं आई, दाखवलं होतं की," समीक्षा म्हणाली. "मी तिसरीत होते. तोंडात गुलाबी लगदा भरला होता, मला ओकारी आली होती. खाली चिक्कीचं दुकान होतं, मला आठवतंय."

सारिकानं पर्सचा बंद धरला आणि खिडकीकडं तोंड केलं.

"मग तू डॉक्टर सुहास सरांकडे आली असशील," मॅडम म्हणाल्या. "मी हा दवाखाना त्यांच्याकडूनच घेतला. सर कागद टाकत नसत." त्यांनी मदतनीस बाईंना जुन्या कपाटात बघायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी एक पिवळा पडलेला लिफाफा आला. वरती नाव होतं. समीक्षा अतुल, वय आठ.

मॅडमनी आधी स्वतःशी वाचलं. समीक्षानं हात पुढं केला, तेव्हा कागद देण्यावाचून त्यांना इलाज राहिला नाही.

सरांचं अक्षर सुबक होतं. क्लास थ्री. वरच्या जबड्याची वाढ कमी. योग्य वय. चेहऱ्यावर लावायचा मास्क सुचवला, रोज बारा ते चौदा तास, साधारण वर्षभर. माप घेतलं. मास्क तयार. पुढं दोन तारखा आणि प्रत्येकीपुढं 'फोन केला, आले नाहीत.' सगळ्यात खाली छापील मजकूर होता. उपचार करायचे नाहीत, पुढे शस्त्रक्रिया लागू शकते याची कल्पना मला दिली आहे. त्याखाली सही. सारिका.

आईची सही ती शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहत आली होती.

"मास्क म्हणजे काय?" तिनं विचारलं.

मॅडमनी सावकाश सांगितलं. कपाळाला आणि हनुवटीला टेकणारा एक सांगाडा, त्याला रबरानं वरचा जबडा पुढं ओढायचा. आठव्या-नवव्या वर्षी हाड ऐकतं. "सगळ्यांनाच पूर्ण गुण येतो असं नाही," त्या म्हणाल्या. "काहींना तरीही मोठेपणी ऑपरेशन लागतं. पण संधी चांगली होती."

"आणि आता?"

"आता हाडाची वाढ थांबली. दोन रस्ते आहेत. खालच्या दोन लहान दाढा काढून पुढचे दात मागे वाकवायचे. दात झाकले जातील, जबडा तसाच राहील. किंवा दीड वर्ष तारा आणि मग दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन."

"पयलं करा," अतुल म्हणाला. "लवकर हुईल ते."

समीक्षानं कागद घडी करून परत लिफाफ्यात घातला.

घरी आल्यावर अतुलचा आवाज चढला. त्यालाही बायकोनं तेच सांगितलं होतं, आपोआप बसेल म्हणून. "चौदा वर्सं आमाला येड्यात काढलं व्हय गं? आता त्या गौरवचं स्थळ गेलं म्हंजी? तुज्या एका सहीपायी?"

सारिका चुलीकडं तोंड करून उभी होती. "आत्याबाई म्हनाल्या, पोरगी काय बैल हाय का मुसकी बांधायला. त्यांनी तो फोटू बघितला मास्कचा. म्हनल्या, गावात त्वांड काय दाखवायचं. रोज कटकट. मला न्हाई झेपली."

"आजी म्हणाली, आणि तू गेलीस सही करायला," समीक्षा म्हणाली. "एकटी."

"डॉक्टर सारखे फोन करत हुते. मला वाटलं एकदाचं मिटवून टाकावं. आन् मलाबी भ्या वाटलं. तू शाळंत तसली गेली असतीस तर पोरं हसली असती."

"ती तशीही हसली, आई."

आजी भागुबाई वारून सहा वर्षं झाली होती. तिच्यावर रागावण्यात काही अर्थ नव्हता. आणि अतुल अजून ओरडतच होता, स्थळ, पाहुणे, मध्यस्थाला काय सांगायचं. समीक्षा त्याच्याकडं बघत राहिली. शाळेतली पाच-सहा वर्षं ती रडत घरी यायची, तेव्हा हा माणूस याच खोलीत बसलेला असायचा. त्यानं एकदाही स्वतः डॉक्टरला विचारलं नव्हतं. आज तो रागावला होता तो देहूरोडसाठी.

"आप्पा," ती म्हणाली, "मध्यस्थाला कळवा. मी ऑपरेशन करणार आहे. दोन वर्षं लागतील."

"दोन वर्सं कोण थांबतंय?"

"न थांबू देत."

ते थांबले नाहीत. दिवाळीनंतर गौरवचं लग्न झाल्याचं मध्यस्थाकडून कळलं.

तारा लागल्या. मॅडमनी आधीच बजावलं होतं, इतकी वर्षं दातांनी वाकून वाकून हाडाची चूक थोडी झाकली आहे. ते सरळ केले की सगळी चूक उघडी पडेल. ऑपरेशनपर्यंत चेहरा सुधारणार नाही, बिघडेल. तो खरोखर बिघडला. आठ-नऊ महिन्यांत खालचा ओठ आणखी पुढं आला, 'फ' आणि 'व' नीट उच्चारता येईनात. कारखान्यात नवा सुपरवायझर तिला तेच ते दोनदा बोलायला लावायचा. भावकीतल्या बायका सारिकाला विचारायच्या, "आगं, इलाज चाललाय का उलटं चाललंय?" समीक्षाच पुढं होऊन सांगायची, "हाडाचं आहे मावशी. लहानपणी करायचं राहिलं." त्यावर सारिका आत निघून जायची. समीक्षाला ते दिसायचं, आणि दिसलं म्हणून बरंही वाटायचं. मग आपल्याला बरं वाटलं याची चीड यायची. तरी पुढच्या वेळी ती तेच म्हणायची.

ऑपरेशन पुण्यात झालं. वरचा जबडा पुढं, खालचा मागं. पहिले काही आठवडे दात रबरांनी बांधलेले, चेहरा सुजून भोपळा झालेला. सगळं पातळच घ्यायचं होतं. सारिका मुगाचं पाणी आणि नाचणीची पेज फडक्यातून दोनदा गाळायची आणि सिरिंजनं गालाच्या आत थेंबाथेंबानं सोडायची. या कामात तिनं कुणाला हात लावू दिला नाही. अतुल दारातून डोकावायचा, "कसं हाय?" म्हणायचा आणि जायचा.

एका दुपारी पेज भरवता भरवता सारिका बोलायला लागली. समीक्षाला बोलता येत नव्हतं, म्हणूनच कदाचित.

"त्या दिवशी सही केली ना, तवा डॉक्टरनी तो मास्क माज्या म्होरं ठिवला हुता. तुज्या मापाचा. म्हनले, घेऊन तर जा. न्हाई घेतला मी. जिना उतरले, आन् रडले बी न्हाई. सुटल्यावानी वाटलं मला. ते अजून आठवतंय, सुटल्यावानी वाटलेलं." तिनं सिरिंज पुन्हा भरली. "तुला काय म्हनायचं आसंल ते म्हन. बोलाया लागलीस की म्हन."

समीक्षाच्या उशाशी वही-पेन होतं. तिनं ते घेतलं नाही.

महिन्याभरानं तिला बोलता यायला लागलं. सारिका काही दिवस वाट बघत राहिली. भांडी घासताना थांबायची, जेवायला वाढून समोर बसायची. समीक्षा कारखान्यातलं सांगायची, पगारी रजा किती उरली ते सांगायची. ते एक सोडून सगळं बोलायची.

सूज उतरली. दात दातांवर बसले, ओठ ओढूनताणून मिटावे लागेनात. चैताली मॅडमनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी ठेवून दाखवला, तेव्हा समीक्षाला खरंच आनंद झाला. तिनं त्यांच्याबरोबर फोटोही काढून घेतला. फक्त खालच्या ओठाची डावी बाजू बधिर राहिली होती. हळूहळू येईल, मॅडम म्हणाल्या; थोडी राहूनही जाईल. ऑपरेशनआधी ही कल्पना दिली होती, आणि त्या कागदावर या वेळी समीक्षाची सही होती.

पुढच्या महिन्यात तिनं तळेगावात रुपालीबरोबर खोली घेतली. सामान न्यायच्या दिवशी सारिकानं चहा केला. समीक्षा पायरीवर बसून प्यायली. चहाचा ओघळ हनुवटीवर आला, तो तिला कळला नाही. सारिका वाकली आणि पदरानं पुसायला लागली.

समीक्षानं तिचं मनगट धरलं, बाजूला केलं, आणि खिशातून स्वतःचा रुमाल काढला.

"दुखतंय का?" सारिकानं विचारलं.

"नाही," समीक्षा म्हणाली. "तिथं काही कळतच नाही."

रुपालीनं रस्त्यावरून हॉर्न वाजवला. समीक्षानं कप पायरीवर ठेवला आणि बॅग उचलली.