एका अंगाचे दोघे

लखन बोदलकसाच्या तलावात बुडून गेला, त्याला वर्ष होत आलं. तो माझा जुळा भाऊ. इतका हुबेहूब, की तो गेल्यापासून आई माझ्याकडे बघायचंच टाळते. आणि आज तिनेच नागपूरच्या त्या माणसाला घरात आणून बसवलं होतं.

माणूस मोठा गोडबोल्या. परदेशातल्या प्रयोगशाळेत म्हणे मेलेला माणूस जसाच्या तसा पुन्हा जन्माला घालता येतो. लखनला तर आम्ही पुरलेलं. पण जुळ्याची कातडीही चालते, दंडावरचा इवलासा तुकडा द्यायचा, बस. पहिल्या काही कुटुंबांना सगळं फुकट. कोणी फुकट म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

"देऊन टाक ना लालसिंग," आई म्हणाली. "तुझं काय जाते?"

"नाही म्हणजे नाही. आपल्या चर्चचे फादर काय म्हणाले? लेकरू देवाचं देणं होय, बनवून घ्याची वस्तू नाही."

"फादरले कुठं लेकरू आहे? त्याले काय समजते!"

मी काही मोठा भाविक नाही. रविवारी मिस्साची प्रार्थना सुरू झाली की मला झोप येते. पण फादरचं हे बोलणं मला पटलं होतं, आणि मी मागे हटणार नव्हतो.

"आमचा बाप्तिस्मा आठव," मी म्हणालो. "एकाच्याच डोक्यावर दोनदा पाणी पडन न् दुसरा तसाच राहीन, याचं तुले भेव होतं. म्हणून तू लखनच्या पायाले काळा धागा बांधला. काऊन बांधला? अंग तं सारखंच होतं! जीव दोन होते, हे तुले तवाच समजलं होतं."

तो माणूस मध्ये तोंड घालायला लागला.

"तुम्ही चूप बसा जी!" मी ओरडलो आणि आईच्या पुढ्यात जाऊन बसलो. "इकडे पाह्य. लखनचंच नाक, लखनचेच डोळे. ते लोक यापेक्षा वेगळं काय देऊन राहिले? भेटला ना लखन?"

तिने पाहिलं. वर्षात पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तू लखन नाही," ती म्हणाली.

मला लागलं. खोटं कशाला बोलू?

"मंग तो नवा बी लखन नसन. मी मोठा आहो, मले सहन होते. त्याले पाळण्यात असल्यापासून हेच ऐका लागन. त्या लेकराले कोणी विचारलं?"

आई त्या माणसाला म्हणाली, "तुमी जा बाबू."

तो अंगणाबाहेर पडला, तशी ती माझ्यावरच उखडली. "मंग मी आता काय करू? सांग ना, काय करू मी?"

"रड," मी म्हणालो. "मी बी रडतो. आपला लखन एकच होता."