साहेबाने बांधलेले लाल कापड

मित्रांनो, चंद्रव्वाच्या पत्र्याच्या पेटीत अगदी तळाशी जो घडी घातलेला जुना लाल तुकडा दिसतो ना, तोच मी. माझ्यावर डाग शोधू नका. मी पडलो लाल, माझ्यावर रक्त दिसत नाही.

माझा जन्म सोलापुरातल्या साखर पेठेत, एका तेलुगू विणकराच्या हातमागावर झाला. मला रंगवणारा दखनी उर्दू बोलायचा, आणि मला विकत घेणारा गिरणीतला मुकादम रुद्रप्पा कानडी आणि मराठी. पण माझे कुणापाशीच अडले नाही. आम्हा कापडांना बोलण्यापेक्षा हात चांगले कळतात. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, म्हणून रुद्रप्पाने अख्खा तागाच नेला. माझी भावंडे यंत्रांवर चढली, त्यांना हळदकुंकू लागले, झेंडूच्या माळा मिळाल्या. मी तेवढा उरलो आणि कोठीत पडून राहिलो. मला फार वाईट वाटले.

त्या गिरणीची एक रीत होती. पूजेचे कापड यंत्रावर असले, की यंत्र चालवणाऱ्याने ते उचलून डोळ्यांना लावायचे, खांद्यावर टाकायचे आणि लगेच पट्टा चढवून यंत्र सुरू करायचे. पूजा झालेले यंत्र थंड ठेवणे अशुभ मानत.

गिरणीत नवा साहेब आला होता, थेट विलायतेहून. माणूस वाईट नव्हता, पण मराठीचे चार शब्द शिकावेत असे काही त्याच्या मनात आले नाही. रुद्रप्पाला यंत्राच्या भागांची इंग्रजी नावे येत आणि 'येस सर', 'थँक्यू सर' असे चार शब्द येत. साहेबाला 'कळले नाही' म्हणायचे म्हणजे मुकादमी घालवायची, असा त्याचा हिशेब! त्यामुळे साहेब काहीही म्हणो, याची मान डोलायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली आणि कापूस पिंजण्याचे एक यंत्र तुंबले. फिटर शिवपुत्र, म्हणजे चंद्रव्वाचा नवरा, त्याच्याखाली उताणा शिरला आणि त्याने उजवा हात आत घातला. साहेबाने कोठीतून लाल कापड मागवले. माझा नंबर लागला. साहेबाने मला यंत्राच्या दांड्याला घट्ट बांधले आणि इंग्रजीत बजावले, "हे लाल कापड इथे आहे तोवर यंत्राला कुणीही हात लावायचा नाही."

"येस सर," रुद्रप्पा म्हणाला. साहेब समाधानाने निघून गेला.

रुद्रप्पाला त्यातले 'लाल' आणि 'यंत्र' एवढेच उमगले होते. रेल्वेचा लाल बावटा त्याने पाहिला नव्हता असे नाही. पण ऐन दसऱ्यात यंत्रावर लाल कापड म्हणजे दुसरे काय असणार? साहेब पूजा करतोय म्हणजे शिवपुत्र काम आटोपून बाहेर आला, असेच त्याने धरले. त्याला आनंद मावेना. तो ओरडला, "आरं, सायबानं सोत्ताच्या हातानं पूजा केली की!"

तेवढ्यात यंत्र चालवणारा भीमा बाहेरून पाणी पिऊन आला. शिवपुत्र खाली आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते.

"भीमा, लई नशिबाचा हाईस बाबा!" गोजाबाई झाडता झाडता म्हणाली. "सायबाचं कापड तुज्याच यंत्राला!"

"व्हय की! आता आमची सर कुणाला?" भीमा हसला. त्याने हात धुतले, माझी गाठ सोडली आणि मला डोळ्यांना लावले. केवढे मऊ होते ते हात! मला ओरडायचे होते, पण कापडाला तोंड नसते. भीमाने मला खांद्यावर टाकले आणि पट्टा चढवला.

किंकाळी ऐकताच पट्टा पाडला तोही भीमानेच. तोच धावत खाली शिरला, आणि मला त्याने शिवपुत्राच्या दंडाला आवळून बांधले. शिवपुत्र जगला. त्याचा हात कोपरापासून गेला.

चौकशीत साहेब म्हणाला, मी बजावले होते. ते खरेच होते. रुद्रप्पाने पुन्हा मान डोलावली, आणि भीमाला कामावरून काढले.

पुढे साहेब रुद्रप्पाला घेऊन शिवपुत्राच्या घरी आला. काही सांगायचे आहे का, असे त्याने हातवारे करून विचारले. साहेबाला समजावे म्हणून चंद्रव्वा एकेक शब्द सावकाश बोलली, "सायेब, भीमाचा कायबी दोष न्हाई. पूजेचं समजून त्यानं कापड उचललं. तुमी काय सांगितलं ते आमाला कुणी सांगितलंच न्हाई. त्याला कामावर घ्या."

रुद्रप्पाने मनात हिशेब केला. हे सांगावे तर त्याची स्वतःची भाकरी जाणार. मान खाली घालून तो म्हणाला, "शी से, थँक्यू सर."

साहेबाचे डोळे भरून आले. त्याने टोपी काढली, चंद्रव्वापुढे वाकला आणि निघून गेला.

भीमा दिवाळीआधीच वैराग गावाकडे गेला, तो परतला नाही. चंद्रव्वाला अजून वाटते, साहेबाने सगळे ऐकूनही दया केली नाही. आणि साहेबाला वाटते, त्या बाईने आपल्याला क्षमा केली.

मित्रांनो, समोरचा 'व्हय' म्हणाला म्हणून पाठ फिरवू नका. काय कळले, ते त्याच्याच तोंडून ऐका. आणि कळले नसेल तर तसे म्हणायला लाजू नका. त्या दिवशी कुणी एवढे केले असते, तर मी आज या पेटीत नसतो. शिवपुत्राच्या डोक्याला रुमाल म्हणून बांधलेला असतो, आणि ती गाठ त्याने आपल्या दोन्ही हातांनी मारली असती.