उघडल्यावर कळतं

आत्याचा फायदा सरळ होता : साडेपाच महिन्यांची कमाई. इथल्या दातांच्या डॉक्टरने पुढच्या दोन दातांच्या ब्रिजचा जो आकडा सांगितला, तो तिच्या अकरा महिन्यांच्या कमाईएवढा भरत होता. शेजारच्या देशात तोच ब्रिज साडेतीन महिन्यांच्या कमाईत होत होता. जाणंयेणं, नऊ दिवसांची खोली आणि खाणंपिणं धरून आणखी दोन. अकरातून साडेपाच गेले, साडेपाच राहिले. शिवाय नऊ दिवस दादाचं तोंड बघावं लागणार नव्हतं. हा फायदा मात्र तिने मांडला नाही, कारण हिशेबाचा कागद दादाच्याच दुकानातला होता.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, सोफे-खुर्च्या दुरुस्त करायच्या दुकानाचा मालक. दुकानात माणसं तीन : दादा, कापड शिवणारी वहिनी आणि आत्या. दादाची मुलं तिला आत्या म्हणायची म्हणून गिऱ्हाइकंही म्हणायला लागली. मुलं शिकून पांगली, आत्या तेवढी सगळ्या गावाची होऊन राहिली.

तिचं काम खिळे मारायचं. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्या हातात हातोडा, मग खिळे धरायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून तोंड. पंधरा-वीस बारके खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक फिरवून डोक्याकडून ओठांवर आणायचा, चुंबकाच्या टोकाच्या हातोड्याने उचलायचा की ठक. हे काम तिने सव्वीस वर्षं केलं. पाहणाऱ्याला वाटे, बाई खिळे खाऊनच जगते.

या कामात दात चावायला लागत नाहीत, भिंत म्हणून लागतात. भिंत असली की खिळे आत राहतात. पण आत्याला दोरा दाताने तोडायची खोड. कात्री हाताशी असली तरी दातच. त्यापायी पुढचा एक दात झिजून तुटला, त्याच्या शेजारचा हलायला लागला आणि काढावा लागला. भिंतीला खिडकी पडली. खिळे खिडकीतून बाहेर पडायला लागले, कधी गिऱ्हाइकाच्या गादीत, कधी दादाच्या चपलेत. मग कवळी करून पाहिली. तर एक खिळा कवळीच्या खाली शिरला, आणि आत्याने कवळीसकट सगळा माल एका नव्या कोऱ्या मखमली सोफ्यावर थुंकला. गिऱ्हाईक समोर उभं होतं.

"बास झालं," दादा म्हणाला. "पिना मारायचं मशीन घेतो मी. तू फोनवर बस. गिऱ्हाइकांशी गोड बोल."

"दात नसलेल्या बाईला फोनवर बसवतोस होय? शहाणाच आहेस."

"फोनवर दिसतंय कुणाला?"

"मी ब्रिज करून येते. बाहेरच्या देशातून. किंमत लेखी आलीये." तिने छापलेला कागद टेबलावर ठेवला.

दादाने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि असा हसला, की वहिनीचं मशीन थांबलं. "अगं, ही बोलवायची किंमत आहे! करायची वेगळी. एकदा तोंड उघडून खुर्चीत पडलीस की आकडा वाढलाच म्हणून समज."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?" दादा म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन जरा खोकला.

कारण दादाचा धंदा ह्याच एका वाक्यावर चालायचा. सोफा घेताना किंमत कमी सांगायची. दुकानात आणला की जुनं कापड फाडायचं, फोम काढायचा, मग फोन लावायचा : "उघडल्यावर कळलं हो, आतली चौकट किडलीये. पूर्ण नवीन करावी लागेल." गिऱ्हाईक काय करणार? उघडा पडलेला सोफा उचलून घरी नेणार? दुप्पट पैसे यायचे. किडलेली म्हणून काढलेली चौकट रंधा मारून दुसऱ्याच्या सोफ्यात बसायची. आत्या हे सव्वीस वर्षं ऐकत आली. बोलली कधी नाही. तोंडात खिळे असले की बोलता येत नाही, ही एक मोठी सोय असते.

"पैज लाव," दादा म्हणाला. "कागदावरच्या किमतीत दात घेऊन आलीस, तर जाण्यायेण्याचं तिकीट माझं. एक पैसा जरी जास्त गेला, तर हातोडा खाली. कायमचा. मुकाट्याने फोनवर बसायचं."

"लावली."

"मी ऐकलंय हं," वहिनी दोरा ओवत म्हणाली. "वन्सं, जाताना तो कागद दोनदा छापून न्या."

दवाखाना सातव्या मजल्यावर होता. लिफ्टमध्ये आरसा, भिंतींवर हसणारी माणसं, आणि बाहेरच्या खोलीत आत्याच्याच देशातली सहा माणसं रांगेने बसलेली. ती बसली होती त्या लांब कोचावर आत्याने स्वतः बसण्याआधी हात फिरवला. खाली पट्टे सैल, कडेला पिना मारलेल्या, त्याही वाकड्या. इथे पहिली शंका तिला आली. जो माणूस बसायची जागा अशी करतो, तो दिसत नाही तिथे काय करत असेल?

गिऱ्हाइकांची भाषा बोलायला एक माणूस ठेवलेला होता. पांढरा शर्ट, मऊ हात. आत्याने त्याला मनातल्या मनात गोडबोल्या ठरवून टाकलं.

"या मावशी, या! प्रवास कसा झाला? काही काळजी करायची नाही हं. आता आमची जबाबदारी."

डॉक्टरीण मात्र गप्प होती. चाळिशीची, बारीक बोटांची, भाषा वेगळी. तिने फोटो काढला, दातांवर आरशाचा दांडा हळूच वाजवला आणि उजव्या बाजूला बधिर करायचं इंजेक्शन दिलं. आत्याचा ओठ जड होऊन लोंबायला लागला तेव्हा गोडबोल्या खुर्चीशी आला. हातात नवा कागद.

"मावशी, एक छोटीशी गोष्ट. फोटोत एवढं दिसत नव्हतं, पण तोंड उघडल्यावर कळलं. बाजूचे दात कमजोर आहेत. दोन दातांचा भार दोघांवर नाही पेलणार. चार इकडचे, चार तिकडचे घासून दहाचा ब्रिज करू. एकदाच खर्च, आयुष्यभर निश्चिंती. आता इंजेक्शन दिलेलंच आहे, तर..."

आत्याने डोळे मिटले. आवाज वेगळा होता, देश वेगळा होता, वाक्य दादाचं होतं. कापड फाडून झाल्यावर बोलायचं ते वाक्य. फरक एवढाच, की ह्या खेपेला सोफा ती स्वतः होती.

आणि तिला दाभणबाई आठवली. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक पेन्शनवाली बाई दुकानात आली होती. दादाने नेहमीचं वाक्य टाकल्यावर तिने फोन ठेवला आणि ती रिक्षा करून थेट दुकानात उभी राहिली. म्हणाली, "किडलीये ना? मग टोचून दाखवा." टेबलावरचं दाभण उचललं आणि दादाच्या हातात दिलं. दाभण लाकडात शिरेना. दादा लालबुंद झाला, काम ठरल्या किमतीत झालं, आणि घरात त्या बाईला कायमचं दाभणबाई नाव पडलं.

आत्या खुर्चीतून उठली. गळ्यातलं कागदी फडकं तसंच.

"तोचून दाखव," ती म्हणाली. ओठ बधिर होता आणि पुढे दात नव्हते.

"काय म्हणालात मावशी?"

"कमजोर आहेत ना? तोचून दाखव. हलवून दाखव." तिने ट्रेमधला आरसा उचलला आणि त्याच्या दांड्याने आपल्याच दातावर टकटक केलं. एक. दुसरा. तिसरा. "हा बघ. हा बघ. थणथणीत वाजतायत. मी सव्वीस वर्षं लाकूड वाजवून ओळखते रे. पोकळ काय नि भरीव काय, मला नको शिकवूस."

"मावशी, ते डॉक्टर ठरवतात."

"मग तू का बोलतोयस?"

ती डॉक्टरणीकडे वळली. भाषा येत नव्हती, म्हणून बोटं वापरली. तोंडातल्या खिडकीच्या डाव्या कडेचा दात दाखवला, उजव्या कडेचा दाखवला, दोन बोटं वर केली आणि भुवया उडवल्या. पुरेत?

डॉक्टरणीने गोडबोल्याकडे पाहिलं नाही. हातमोजा घातलेली दोन बोटं वर केली.

गोडबोल्याचा चेहरा उतरला, पण धंद्यातला माणूस तो, लगेच सावरला. "ठीक आहे. पण कागदावरची किंमत मोठं काम घेणाऱ्यांसाठी सवलतीची आहे. लहान काम म्हणजे पूर्ण दर. दुप्पट होईल."

"कागदावर असं कुथे लिहिलंय?"

"ते गृहीतच असतं."

"बरं," आत्या म्हणाली, आणि बाहेर चालू लागली. गोडबोल्याला वाटलं, बाई गेली. बाई गेली नाही. बाहेरच्या कोचावर, बरोबर मधोमध, जाऊन बसली. गळ्यात फडकं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, वरच्या ओळीत खिडकी. शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर बसले होते, पोट मांडीवर ठेवून.

"द्रायव्हरसाहेब, तुम्ही किती दातांसाठी आलात?"

"एक गेलाय, त्याच्यासाठी आलो. आता चौदा म्हणतायत."

"तोंड उघडल्यावर कळलं ना?"

"अगदी हेच म्हणाले! तुम्हाला कसं कळलं?"

"मी ज्या दुकानात काम करते, तिथेही उघडल्यावरच कळतं." आणि आत्याने सांगायला सुरुवात केली. दादाचं वाक्य, रंधा मारलेल्या चौकटी, दाभणबाई, सगळं. दोन दात नसलेल्या, अर्ध्या बधिर तोंडाने, खोलीतल्या सहाही जणांना ऐकू जाईल असं. बोलता बोलता तिने कोचाची कड उचकटून आतल्या वाकड्या पिनासुद्धा दाखवल्या. "हे बघा ह्यांचं काम. पुधून मखमल, आतून पोकळ."

लोक हसायला लागले. लिफ्टमधून दोन नवी गिऱ्हाइकं आली, त्यांनाही ड्रायव्हरसाहेबांनी पहिल्यापासून सांगितलं, थोडं मीठमसाला लावून. दोन बायका पर्स काखेत मारून उभ्या राहिल्या.

गोडबोल्या दारात आला. "मावशी, आत येता का जरा?"

"इथेच सांग. सगळी आपलीच माणसं आहेत."

"कागदावरच्या किमतीत करून देतो."

"सही कर," आत्याने दुसरा छापलेला कागद पुढे केला. "आणि ह्या साहेबांचंही."

"त्यांचं काय मध्येच?"

"एक दात गेलाय, तेवढ्याचंच करायचं. चौदा नाही." ड्रायव्हरसाहेबांनी पोट सावरत आपला कागद काढला. सही झाली. दोन्हींवर.

काम सहा दिवसांत झालं. मापं घेताना आत्याने पर्समधून चार खिळे काढून तोंडात टाकले आणि डॉक्टरणीला दाखवलं, जिभेवर खिळा कसा फिरतो, ओठांवर कसा येतो. डॉक्टरीण आधी घाबरली, मग मोठ्याने हसली, मग बराच वेळ विचारात पडली. गोडबोल्याला म्हणाली, ह्यांना सांग, दोरा तोडायचा नाही. कधीच नाही. पण भिंत मी करून देते. तिने ब्रिजची मागची बाजू धातूची ठेवली आणि पांढरा मुलामा फक्त पुढून चढवला. पुढून कापड, मागून चौकट. आत्याला हे लगेच पटलं. कुणीतरी आपल्याच धंद्यातलं भेटल्यासारखं वाटलं. निघताना तिने डॉक्टरणीचे हात हातात घेतले. बोलून समजणार तरी काय होतं?

दहाव्या दिवशी ती दुकानात आली तेव्हा दादा एक तीन जणांचा सोफा उघडून बसला होता. त्याने आधी दात पाहिले, मग बिल पाहिलं, मग बिल उलटून पाहिलं.

"मागे काय शोधतोयस? कोरं आहे."

"हां." त्याने गल्ल्यातून तिकिटाचे पैसे काढले, दोनदा मोजले, अर्धवट पुढे सरकवले. "मागून धातू आहे म्हणे. हातोडा चिकटला म्हणजे?"

"नाही चिकटत. डॉक्टरणीला विचारून आले. तुझा विचार तिथेही केला मी."

वहिनी खाली मान घालून हसली आणि एक नवी छोटी कात्री दोऱ्याला बांधून आत्याच्या गळ्यात अडकवली. "ही आता उतरवायची नाही, वन्सं."

आत्या जागेवर बसली. पंधरा खिळे तोंडात टाकले. जिभेने पहिला फिरवला. भिंत होती. ठक.

तेवढ्यात दादाने फोन उचलला. "नमस्कार साहेब. हां, तुमच्याच सोफ्याचं. काय आहे, उघडल्यावर कळलं..."

आत्याने हातोडा ठेवला. तोंडातले चौदा खिळे एकेक करून तळहातावर काढले, घाई न करता. दाभण घेतलं, सोफ्याच्या चौकटीत चार ठिकाणी रोवून पाहिलं. मग फोनपलीकडे नीट पोचेल अशा आवाजात, सगळ्या दातांनिशी म्हणाली :

"दादा, दाभण शिरत नाही रे. चौकट ठणठणीत आहे."

फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. शेवटी दादा म्हणाला, "हां साहेब... उघडल्यावर कळलं, की चौकट चांगली आहे. ठरली तीच किंमत."

त्या संध्याकाळी आत्याने कागद घेतला, आता स्वतःचा, आणि कुणी किती भरलं ते मांडलं. तिकीट दादाचं. खोली आणि खाणं तिचं. कात्री वहिनीची. दातांचे पैसेही तिनेच दिले, असं ती लिहिणार होती, पण हात थांबला. ती कमाई ज्या दुकानातली होती, तिथे सव्वीस वर्षं चांगल्या चौकटी किडलेल्या ठरल्या होत्या, आणि ती तोंडात खिळे धरून गप्प बसली होती. तिने ती ओळ खोडली आणि नव्याने लिहिली : कडेचे दोन दात माझे, मधल्या दोघांचे पैसे गिऱ्हाइकांनी भरले.